स्टेअरिंग वळवताना येणारा ‘खट्’ आवाज: जुन्या गाडीत तो शोधावा कसा, काढावा कसा

स्टेअरिंग वळवताना हाताला ‘खट्’ असा ठोका लागला की दोष स्टेअरिंगमध्येच आहे असे वाटते. बहुतेक वेळा तो तिथे नसतो. हातातल्या स्टेअरिंगपासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत लोखंडाला लोखंड जोडलेले आहे, आणि लोखंडातून आवाज फार लांबवर जातो. पुढच्या चाकापाशी सैल झालेला सांधासुद्धा अगदी हाताखाली वाजल्यासारखा वाटतो. यामुळेच अनेकदा अख्खा रॅक (स्टेअरिंगचे फिरणे चाकांना डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या हालचालीत बदलणारा दातेरी दांड्याचा भाग) बदलला जातो, मोठा खर्च होतो, आणि गाडी बाहेर काढताच तोच ठोका पुन्हा हाताला लागतो.

या कामात पाना चालवायला वेळ थोडा लागतो, शोधायला जास्त. पार्ट विकत आणण्याआधी आवाज कोणत्या सांध्यातून येतो हे बोटाला कळले पाहिजे. म्हणून हा लेख आधी शोधण्याबद्दल आहे, दुरुस्ती त्यानंतर येते. खाली ‘स्टेअरिंग’ म्हणजे हातातले आणि ‘चाक’ म्हणजे रस्त्यावरचे, एवढे ध्यानात ठेवा.

वाटेत कोणकोणते सांधे लागतात

स्टेअरिंग ज्या दांड्यावर बसते तो दांडा डॅशबोर्डखालच्या कॉलममधून खाली येतो. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बेअरिंग किंवा प्लास्टिकचे बुश असतात. तिथून पुढे इंटरमिजिएट शाफ्ट. हा तिरका जातो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. काही जुन्या गाड्यांत एका क्रॉसच्या जागी रबर आणि कापडाच्या थरांची जाड चकती असते. शाफ्टच्या मधोमध बहुधा दाते पाडलेला सरकता जोड असतो, एक नळी दुसऱ्या दांड्यावर मागे-पुढे होते. शाफ्टचे खालचे टोक रॅकच्या पिनियनवर, म्हणजे रॅकची दांडी सरकवणाऱ्या छोट्या गिअरवर, बसते. रॅकच्या दोन्ही बाजूंना रॅक एंड, त्यापुढे टाय रॉड एंड, आणि तो चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसून वळते त्या भागाला, जोडलेला.

नकल धरून ठेवणारी मंडळी वेगळी: खाली बॉल जॉइंट आणि लोअर आर्म, वर शॉकअप आणि त्याचे टॉप माउंट. शेजारून स्टॅबिलायझर बारची (वळताना गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक जाते. यातला कोणताही सांधा झिजला की त्यात ‘प्ले’, म्हणजे ढिलाई, येतो. कुदळीचा दांडा सैल झाला की घाव घालताना पाते जसे हिसका देते, तसाच प्रकार इथे होतो: ताकदीची दिशा बदलली की आधी मोकळी जागा भरून निघते आणि मग लोखंड लोखंडावर आपटते. म्हणून ठोका बहुधा दिशा बदलताना लागतो. एकाच दिशेने सलग स्टेअरिंग फिरवत राहिलात तर तो पुन्हा ऐकू येत नाही. शोधताना या गोष्टीचा फार उपयोग होतो.

आधी हे पाहा: गाडी चालवायची की नाही

पुढच्या चाकांचे नट घट्ट आहेत का ते सर्वांत आधी तपासा. सैल नटांमुळे वळताना ठोका येतो, आणि ही तपासणी मिनिटाभराची आहे. लहान गाड्यांना साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

आवाज अचानक सुरू झाला असेल, स्टेअरिंग आधीपेक्षा जास्त मोकळे फिरत असेल, गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला जात असेल किंवा आवाज दिवसागणिक वाढत असेल, तर गाडी जिथे आहे तिथेच उभी ठेवा. बॉल जॉइंट निखळला की चाक आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कोसळते. टाय रॉड एंड निघाला की ते चाक स्टेअरिंगचे ऐकतच नाही. दोन्ही भाग निखळण्याआधी बहुधा बरेच दिवस ठोका देतात, म्हणून हा आवाज अंगावर काढू नये.

आवाजाची जात ओळखा

मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवा. खिडक्या उघड्या, गाणी आणि एसी बंद. कोणत्या वेळी कसा आवाज येतो ते कागदावर लिहून ठेवा. नंतर खाली वाकून तपासताना नुसती आठवण दगा देते.

हलका, कोरडा ‘टक्’ किंवा ‘खट्’, जो तळहाताला स्पष्ट कळतो आणि कमी वेगात वळताना किंवा लहान खड्ड्यावरून जाताना येतो, तो बहुधा इंटरमिजिएट शाफ्टचा असतो. पायाजवळच्या फळीत ‘धप्प’ असा जड ठोका जाणवला तर लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट बघा. स्टेअरिंग सरळ असताना बारीक खडीवर सतत ‘खडखड’ होत असेल तर स्टॅबिलायझर लिंक, टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला आधार यांच्यावर संशय घ्या. जागेवर उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टण्ण’ असा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज आला तर तो शॉकअपच्या टॉप माउंटचा असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून पिकअप देताना ‘कट-कट-कट’ अशी लय ऐकू आली तर तो एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आवाज. त्याचे बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटलेले सापडेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसेल.

आवाज येत असतानाच ब्रेकवर हलका पाय ठेवा. तेवढ्याने आवाज थांबला तर कॅलिपर किंवा ब्रेक पॅड सैल आहेत, स्टेअरिंगच्या मागे लागू नका. गिअर रिव्हर्समधून पुढे घालताना, स्टेअरिंग न हलवताही ठोका येत असेल तर इंजिन माउंट तपासा. सूं-सूं किंवा घरघर हा पॉवर स्टेअरिंगच्या तेलाचा किंवा पंपाचा विषय असतो. तो या लेखात घेतलेला नाही.

एक निरुपद्रवी आवाजही आहे. इंडिकेटर आपोआप बंद करणारी प्लास्टिकची जीभ स्टेअरिंग फिरताना हलका ‘टिक’ करते. तो दर फेरीत ठरलेल्याच जागी येतो आणि हाताला धक्का लागत नाही. त्यासाठी काही उघडू नका.

उभ्या गाडीतली चाचणी: एक जण वर, एक जण खाली

सगळ्या तपासणीत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण हिला हत्यार लागत नाही आणि ही फसवत नाही. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असावी. जॅक लावू नका. चाकांवर वजन असले की सांध्यांवर खरा ताण येतो आणि प्ले लपत नाही.

हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, किल्ली एवढीच फिरवा की स्टेअरिंगचे लॉक सुटेल. मदतनीसाला आत बसवा. त्याने स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढ्याच टप्प्यात डावी-उजवीकडे हलवत राहायचे, जोर न करता, एका लयीत. आता तुम्ही एकेक सांधा हाताने धरून बघा. दोन्ही भागांवर मिळून बोट ठेवायचे, अर्धे एका भागावर आणि अर्धे दुसऱ्यावर. सांधा धड असेल तर दोन्ही भाग एकदम हलतात. झिजलेला असेल तर एक आधी हलतो, दुसरा क्षणभर मागे राहतो, आणि तो ‘टक्’ बोटाच्या पेरात उमटतो. कानाला कुठून आवाज येतो ते सांगता येत नाही तिथेही बोट चुकत नाही.

सुरुवात वरून करा. पेडलच्या वर वाकून कॉलमचे खालचे टोक आणि पहिला क्रॉस. मग बॉनेट उघडून, किंवा खालून, दुसरा क्रॉस आणि पिनियन. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत, एवढे पक्के समजा. ही भुकटी कुंकवाइतकी बारीक असते आणि तेलकट मळाखाली सहज दडते, म्हणून आधी फडक्याने पुसून, गाडी थोडी चालवून पुन्हा पाहा. ताजी भुकटी पुन्हा आलेली असते.

पुढे रॅक. त्याची नळी गाडीच्या सांगाड्याला दोन-तीन ठिकाणी रबरी बुश आणि बोल्टने बांधलेली असते. स्टेअरिंग हलताना नळीच डावी-उजवीकडे सरकताना दिसली तर बुश गेले किंवा बोल्ट ढिले. बोल्टच्या डोक्याभोवती पत्रा घासून चकचकीत झालेले कडे दिसले तर तीही तीच खूण. त्यापुढे दोन्ही टाय रॉड एंड. रॅक एंड रबरी बेलोच्या, म्हणजे घड्यांच्या आवरणाच्या, आत असतो. बेलो मऊ असेल तर वरूनच मुठीत दाबून धरा, आतला ठोका तळव्याला लागतो.

इंजिन बंद असताना हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये थोडी जास्त मोकळीक जाणवते, कारण पिनियनपाशी असलेली पिळाची दांडी आतल्या थांब्यापर्यंत फिरते. तेवढ्यावरून रॅक बाद करू नका. हीच चाचणी इंजिन चालू ठेवून एकदा करा, पण तेव्हा बॉनेटखाली बेल्ट आणि पंख्यापासून हात, बाह्या आणि ओढणी लांब ठेवा.

स्टेअरिंगच्या कडेवर एकूण मोकळीक किती आहे तेही मोजा. रॅक-पिनियन असलेल्या अनेक गाड्यांत ३० मिलिमीटर ही कमाल मर्यादा धरतात. चांगल्या अवस्थेत ती याहून बरीच कमी असते.

शेवटी स्टेअरिंग फिरवू नका, ते वर-खाली आणि पुढे-मागे ओढून पाहा. तसे हलले तर कॉलमचे बेअरिंग, उंची बदलण्याचे कुलूप किंवा डॅशबोर्डखाली कॉलम धरणारे बोल्ट यांपैकी काहीतरी सैल आहे.

चाक उचलून तपासणी

गाडीखाली काम करायचे तर फक्त जॅकवर कधीही नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, जॅकने उचला, आणि कंपनीने सांगितलेल्या जागी जॅक स्टँड लावून वजन त्यावर द्या. मग गाडीला हाताने जोरात हलवून पाहा. डगमगली तर पुन्हा लावा. चाक काढले असेल तर ते दाराखाली आडवे सरकवून ठेवा, गाडी घसरलीच तर त्यावर अडेल.

चाक तीन आणि नऊवर धरून आत-बाहेर हलवा. प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. बारा आणि सहावर धरून हलवा. प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. दोघांतला फरक ओळखायला मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला की खराब बॉल जॉइंटही पास होतो. स्प्रिंग शॉकअपवर बसलेली असेल तर गाडी सांगाड्यापासून उचलून चाक लोंबकळत ठेवा. स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असेल तर जॅक आर्मच्या खाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. म्हणजे दोन्ही प्रकारांत जॉइंटवरचा स्प्रिंगचा दाब उतरतो. मग चाकाखाली टॉमी, म्हणजे लांब लोखंडी दांडा, घालून ते वर उचलून पाहा.

लोअर आर्मच्या बुशला टॉमीने हलकेच रेटा. रबर धातूपासून सुटलेले किंवा आरपार फाटलेले असेल तर ते लगेच दिसते. वरवरच्या बारीक चिरा म्हातारपणाच्या असतात, त्यांच्यावरून बुश बदलायची घाई नको. स्टॅबिलायझर लिंक तपासताना दोन्ही चाके जमिनीवर किंवा दोन्ही हवेत ठेवा. एकच उचलले तर बार पिळला जातो आणि लिंक ताणात अडकून घट्ट भासते.

टॉप माउंटची तपासणी गाडी जमिनीवर असताना करा. एक जण स्टेअरिंग पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे नेईल, तुम्ही स्प्रिंगवर तळवा हलकेच टेकवा. वेटोळ्यांच्या मधल्या फटीत बोटे जाऊ देऊ नका. स्प्रिंग गुळगुळीत फिरली पाहिजे. अडकून मग हिसक्याने सुटत असेल तर वरचे बेअरिंग जाम आहे.

इंटरमिजिएट शाफ्ट: काढणे, तपासणे, बसवणे

जुन्या गाडीत ‘खट्’चे मूळ इथे सापडण्याची शक्यता मोठी, आणि घरी करता येण्याजोगी दुरुस्तीही हीच. तरीही हे स्टेअरिंगचे काम आहे. टॉर्क रेंच आणि गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर बोल्टला हात लावू नका.

१. चाके अगदी सरळ करा. एअरबॅग असलेल्या गाडीत किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते.

२. स्टेअरिंग जागेवर बांधा. सीट बेल्ट स्टेअरिंगच्या आऱ्यांतून ओवून लावला तरी चालतो. शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग गरागरा फिरू शकते. त्याच्या मागे एअरबॅग आणि हॉर्नच्या वायरीची गुंडाळी असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती मधल्या जागेपासून दोन्हीकडे ठरावीक फेऱ्याच सहन करते. स्टेअरिंग एक फेरी चुकून जोडले गेले तर गाडी वळवताना ती तुटते.

३. रंगाच्या पेनने खुणा करा: कॉलम आणि वरचा क्रॉस यांवर मिळून एक सरळ रेघ, पिनियन आणि खालचा क्रॉस यांवर दुसरी, आणि सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर तिसरी. काही शाफ्टना एक दाता मुद्दाम कमी ठेवलेला असतो, ते एकाच प्रकारे बसतात. बरेचसे कसेही बसतात. खुणा दोन्ही बाबतींत करा.

४. दोन्ही टोकांच्या पकडी आवळणारे पिंच बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसते ढिले करून चालत नाही, कारण बोल्ट शाफ्टला आडव्या पाडलेल्या खाचेतून जातो. गंजलेला असेल तर गंज सैल करणारा स्प्रे मारून थांबा, घाई करून डोके मोडू नका.

५. सरकता जोड आत ढकलून शाफ्ट आधी एका टोकाकडून, मग दुसऱ्या टोकाकडून सोडवा. निघत नसेल तर पकडीची फट चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंचित उघडा. शाफ्टवर हातोडा चालवू नका. अपघातात आखडावे म्हणून कॉलममध्ये मुद्दाम कमकुवत ठेवलेले भाग असतात, ते ठोक्यांनी मोडू शकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता शाफ्ट हातात आहे. प्रत्येक क्रॉस चारही दिशांना वाकवा. चांगला क्रॉस थोड्याशा सारख्या जोराने सर्वत्र फिरतो. एका दिशेला हलका, दुसरीकडे अडकणारा किंवा मधेच खाचेत बसल्यासारखा वाटला तर तो गेला. दोन्ही टोके धरून पिळ देऊन पाहा, ‘टक्’ झाले तर आवाजाचे मूळ मिळाले. क्रॉस सुटा मिळत असेल तरी मी पूर्ण शाफ्ट बदलावा असेच सांगेन. क्रॉस ठोकून बसवताना पकड जराशी वाकली तरी स्टेअरिंग एका जागी जड, एका जागी हलके लागते.

क्रॉस धड असतील आणि ठोका सरकत्या जोडात असेल तर ग्रीसचा उपाय करून बघण्यासारखा आहे. जोड पूर्ण वेगळा करा, जुने वाळलेले ग्रीस आणि गंज ब्रश आणि क्लीनरने काढा, कोरडा करा. दाते नखाने तपासा. त्यांवर पायरी पडली असेल किंवा ते एका बाजूने तासल्यासारखे झाले असतील तर ग्रीस लावण्यात अर्थ नाही. चांगले असतील तर मॉलिब्डेनम असलेले लिथियम ग्रीस दात्यांत भरा, खुणा जुळवून जोड बसवा, पूर्ण टप्प्यात बऱ्याचदा मागे-पुढे सरकवा आणि बाहेर आलेले जादा ग्रीस पुसा. याने आवाज जातो, पण झीज भरून निघत नाही. काही दिवसांनी ठोका परतला तर शाफ्ट बदलायचा, पुन्हापुन्हा ग्रीस भरत बसायचे नाही.

जोडाला वेल्डिंग करून प्ले काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच मानू नका. हा जोड अपघाताच्या वेळी आखडतो म्हणून कॉलम चालकाच्या छातीवर येत नाही. शिवाय स्टेअरिंगच्या पोलादाला अशी उष्णता दिली की ते ठिसूळ होते.

बसवताना क्रम उलटा. सगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत. शाफ्ट पूर्ण आत गेला की खाच आणि बोल्टचे भोक समोरासमोर येतात आणि बोल्ट बोटांनी आत जातो. जात नसेल तर शाफ्ट अर्धवट बसला आहे, पान्याने रेटू नका. बोल्ट नवे घ्या, कारण बऱ्याच बोल्टना आटे घट्ट धरणारा लेप असतो आणि तो एकदाच कामाला येतो. मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा, मग शाफ्ट हाताने ओढून पाहा. बॅटरी जोडण्याआधी गाडी उचललेल्या अवस्थेत स्टेअरिंग दोन्ही टोकांना सावकाश नेऊन शाफ्ट कुठल्या पाइपला किंवा वायरीला घासत नाही ना ते डोळ्यांनी पाहा.

क्रॉसच्या जागी रबरी चकती असलेल्या गाडीत चकतीच्या दोन्ही बाजूंचे फ्लँज पाहा. स्टेअरिंग हलवताना एक फ्लँज दुसऱ्याच्या मागे राहत असेल, रबर फुगून मऊ पडले असेल किंवा कापडाचे धागे बाहेर आले असतील तर चकती बदला. वरून इंजिन ऑइल गळत असेल तर आधी ती गळती थांबवा, नाहीतर नवी चकतीही तशीच फुगेल.

कॉलममधला आवाज

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत हॉर्नचे झाकण काढून मधला नट घट्ट आहे का ते पाहणे सोपे आहे. एअरबॅग असेल तर ते झाकण घरी उघडू नका, त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या. कॉलम धरणारे डॅशबोर्डखालचे बोल्ट मात्र तुम्ही तपासू शकता. प्लास्टिकचे बुश कुरकुरत असतील तर सिलिकॉन ग्रीस वापरा, पेट्रोलियम ऑइल प्लास्टिक आणि रबर दोन्हींना मारक ठरते.

कॉलममध्येच मोटर असलेल्या इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगमध्ये मोटर आणि गिअर यांच्यात रबराचे लहानसे कपलिंग असू शकते. ते झिजून तुकडे झाले की स्टेअरिंग झटपट डावी-उजवीकडे हलवताना ‘टक-टक’ होते. कपलिंग छोटे असते, पण त्यासाठी कॉलम उतरवावा लागतो आणि नंतर सेन्सरची जुळणी करावी लागू शकते. निदान तुम्ही करा, काम गॅरेजला द्या.

रॅक

बुश किंवा बोल्टचा दोष असेल तर बुश बदलून बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळले की काम संपते. तेलाने भिजलेले बुश दिसले तर रॅकचे सील गळत आहे, ते आधी बघा.

रॅकच्या मागे, पिनियनच्या समोर, मोठ्या चेकनटखाली (जागा हलू न देणाऱ्या नटाखाली) एक ॲडजस्टर असतो. तो रॅकची दांडी पिनियनवर दाबून धरतो. बारीक खडीवर खडखड होत असली की तो आवळून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. यात धोका आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून रॅकचे दाते मधोमध जास्त झिजतात आणि टोकांना जवळपास नवे राहतात. मधल्या जागी प्ले काढलात तर टोकांना रॅक जाम होतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, आणि रस्त्यात असे होणे खडखडीपेक्षा कितीतरी वाईट. करायचेच असेल तर मॅन्युअलच्या पद्धतीनेच, आधीच्या जागेची खूण करून, आणि नंतर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखेच हलके फिरते याची खात्री करून.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बाकीचे

टाय रॉड एंड बदलताना आधी चेकनट फक्त सुटेल इतका फिरवा आणि त्याची जागा रंगाने खुणावून ठेवा. एंडचा स्टड, म्हणजे नकलमध्ये बसणारा आट्यांचा दांडा, पुलरने (ओढून काढणाऱ्या हत्याराने) काढा. पुलर नसेल तर नट दोन-चार आट्यांवर राहू द्या आणि नकलच्या ज्या डोळ्यात स्टड बसतो त्या डोळ्यावर बाजूने हातोडा मारा. आट्यांवर मारू नका. मग एंड काढताना फेऱ्या मोजा आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवा. खाचांचा नट टॉर्कने आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे सोडायचा नाही. पिन दर वेळी नवी. फेऱ्या कितीही नीट मोजल्या तरी व्हील अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. रॅक एंड बदलल्यावरही तेच.

लोअर आर्म किंवा त्याचे बुश बदलताना बोल्ट आधी हाताने लावा आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. नवा आर्म बसवूनही लगेचच ठोका परत येतो, त्याच्यामागे अनेकदा हीच घाई असते.

स्टॅबिलायझर लिंकवर संशय आहे पण खात्री नाही, अशा वेळी दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, कशाला लागणार नाहीत अशा बांधून ठेवा आणि रिकाम्या जागेत अगदी सावकाश गाडी फिरवा. आवाज गेला तर लिंक बदला, दोन्ही बाजूंच्या. टॉप माउंटसाठी स्प्रिंग दाबून धरावी लागते. त्या दाबातली स्प्रिंग निसटली तर जीव जाऊ शकतो. हे काम मी घरी करायला सांगणार नाही.

जुना म्हणून स्वस्त मिळणारा टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट घेऊ नका. तो भाग आधी किती आपटला आहे हे बाहेरून कळत नाही.

काम झाल्यावर

आधी उभ्या गाडीतली चाचणी पुन्हा करा, त्याच जागी बोट ठेवून. मग सुरुवातीला लिहून ठेवलेला कागद घ्या आणि ज्या वेगाने, ज्या वळणावर ठोका येत होता तिथेच गाडी न्या. सुरुवातीला सावकाश, दोन्हीकडे पूर्ण वळवून, मग मध्यम वेगाने. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येते का, सरळ जाताना ते मधोमध आहे का, एअरबॅग किंवा पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागला आहे का, हॉर्न वाजतो का, हे बघा. स्टेअरिंग तिरके राहिले असेल तर शाफ्ट एखादा दाता चुकून बसला आहे किंवा अलाइनमेंट बाकी आहे. शाफ्ट काढला असेल तर आधी खुणा तपासा.

एक ठोका गेल्यावर त्याच्याखाली दडलेला दुसरा, हलका ठोका ऐकू येणे जुन्या गाडीत अगदी नेहमीचे आहे. तो नव्या पार्टचा दोष समजू नका. पहिल्यापासून तीच बोटाची तपासणी करा. साधारण शंभरएक किलोमीटर झाल्यावर जे बोल्ट उघडले होते ते सगळे टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासा आणि स्प्लिट पिना जागेवर आहेत हे डोळ्यांनी बघा.